पेटीवाल्या संध्याताईंची पहिली ओळ

संध्या अमोलिक वाईट बाई होती असं कुणी म्हणणार नाही. चर्चच्या मंडळीत कुणाकडे मयत झाली की पहिला डबा तिच्या घरून जायचा. आजारी म्हाताऱ्यांना रिक्षात घालून दवाखान्यात न्यायला तीच पुढे. नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं तरी त्याच्या डब्यात लोणच्याची फोड पडायचीच. फक्त दुसऱ्याचं चांगलं झालेलं तिला बघवत नसे. कुणाच्या दुःखात ती धावत जायची आणि कुणाच्या सुखात तिचं डोकं दुखायचं. शेजारच्या मनीषाने नाताळात दाराशी मोठी चांदणी टांगली की हिला आपली चांदणी पिवळट दिसायला लागे. कुणाच्या करंज्या खुसखुशीत झाल्या तर ही मुद्दाम दुसरी खाऊन बघायची, कुठेतरी तेलकट लागते का म्हणून. दहा आज्ञांपैकी नऊ तिने निष्ठेने पाळल्या होत्या. दहावीत शेजाऱ्याच्या घराचा, बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नये असं आहे. शेजारणीच्या आवाजाबद्दल काही म्हटलेलं नाही, असा तिने आपल्यापुरता अर्थ लावून घेतला होता. त्याच आज्ञेच्या शेवटी बाकीचं सगळंच येऊन जातं, पण तिथवर वाचायची तिला घाई नसे.

"तुझ्या पोटात सारखं काहीतरी दुखत असतं बघ," तिचा नवरा दयानंद म्हणायचा. तो प्रेसमध्ये नोकरीला होता आणि घरी आल्यावर सहसा बोलायचा नाही, त्यामुळे बोलला की लागायचं.

पण एका जागी संध्याला कुणाचाच हेवा वाटत नसे, आणि ती जागा म्हणजे नाशिक रोडच्या त्यांच्या चर्चमधली पेटीमागची बैठक. तिथली जुनी रीत अशी, की जो पेटीवर बसेल त्याने भजनाची पहिली ओळ एकट्याने आळवायची, मग मंडळीने ती उचलायची. संध्याच्या आधी तिचे वडील बसायचे. ते गेल्यावर ती बसू लागली. दर रविवारी चारशे माणसं गप्प व्हायची आणि संध्याचा जड, खालच्या पट्टीतला आवाज एकटा उठायचा. शिलाईच्या क्लासमध्ये दिवसभर पोरींच्या वाकड्या शिवणी उसवणारी ही बाई, त्या एका ओळीपुरती राणी असायची. आठवडाभर ती त्या ओळीवर जगायची म्हटलं तरी चालेल.

आणि मग पिंपळगाव बसवंतहून तृप्ती पगारे आली.

तृप्ती बाविशीची. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला. मणी खुडायचे, घड डब्यात भरायचे. दर रविवारी एसटीने नाशिकला यायची, पायात रबरी चप्पल, डोक्याला चपचपीत तेल. पहिल्या दिवशी ती मागच्या बाकावर बसून मंडळीबरोबर गायली, आणि पुढच्या बाकावरची माणसं एकेक करून मान वळवून बघू लागली. आवाज उंच, स्वच्छ, कुठे जोर लावल्याची खूण नाही. पेटीमागून संध्याने तो ऐकला आणि तिच्या हातून भाता क्षणभर थांबला. पोरीत खोट काढायची तर काढायची कुठे, हेच तिला कळेना. शेवटी तिने "उच्चार गावठी आहेत" एवढं घरी जाऊन दयानंदला सांगितलं.

तरुण संघाचं गायनमंडळ चालवणारे योगेश सर तर हरखूनच गेले. त्यांनी तृप्तीला मंडळात घेतलं. ती गोड स्वभावाची होती, हे संध्याचं दुसरं दुखणं. खवट असती तर निदान तिच्याविषयी मोकळेपणाने वाईट बोलता आलं असतं. पण ही येता-जाता "संध्याताई, तुमच्यासारखी पेटी कुनी नाय वाजवत" म्हणायची, पिशवीतून द्राक्षं काढून हातावर ठेवायची. द्राक्षंही गोड निघायची.

दोन वर्षांनी जर्मनीहून बोलावणं आलं. दक्षिणेकडच्या एका लहानशा गावात तरुणांच्या गायनमंडळांचा मेळा भरतो, त्यात मराठी भजन गायला या म्हणून. संध्याच्या काळजात धस्स झालं. ती स्वतः तरुण संघात होती तेव्हाही असंच एक बोलावणं आलं होतं. बॅग भरून झाली होती आणि ऐनवेळी सगळं रद्द झालं. आता ती त्रेचाळीसची. तरुण संघाची मर्यादा तिशीची. पण पेटी वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून वादक म्हणून तिचं नाव निघालं, आणि संध्या महिनाभर जमिनीवर नव्हती. परक्या देशातल्या दगडी चर्चमध्ये आपली पहिली ओळ उठेल, हे ती शिवणयंत्रावर पाय मारता मारता डोळ्यांपुढे आणायची.

सरावाच्या पहिल्या दिवशी योगेश सर सहज म्हणाले, "संध्याताई, तिकडे पहिली ओळ तृप्ती म्हणेल. पुढे उभी राहून. तुम्ही पेटी सांभाळा."

"पण आपल्याकडे तर पेटीवर बसेल तो..."

"ती इथली रीत हो, ताई. तिकडे कुणाला ठाऊक आहे? आणि तरुणांचा मेळा आहे, पुढे तरुण चेहरा बरा दिसतो."

संध्या हसली. त्या हसण्याने तिचे गाल दुखले. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी नीट समजलं. ओळ तिची, वडिलांची, आणि म्हणणार कोण, तर परवा आलेली पोर. पुढचे सगळे सराव तिने पेटीवर ओठ मिटून काढले. भजन तृप्तीच्या पट्टीत बसवलं होतं, काळी एकमध्ये. संध्याची पट्टी तिच्यापेक्षा तीन घरं खाली, काळी पाच. त्या उंच पट्टीत संध्याला ओळ म्हणताच आली नसती, म्हणजे वाद घालायची सोयही उरली नव्हती.

एप्रिलअखेर द्राक्षांचा हंगाम आटोपला, पॅकहाउस बंद झालं आणि सगळे निघाले. पेटी दोन गोधड्यांत बांधून नेली. विमानात तृप्ती खिडकीपाशी, संध्या मधल्या जागेवर.

"ताई, तुम्ही बसा ना खिडकीत. मला लय गरगरतंय."

"नको. बस तूच," संध्या म्हणाली, आणि मग सबंध प्रवासभर तिला खिडकीचाही हेवा वाटत राहिला.

त्या गावात पाहुण्यांना हॉटेलात ठेवायची पद्धत नव्हती. तिथल्या मंडळीतली घरं दोघादोघांना आपल्याकडे नेत. संध्या आणि तृप्ती एकाच घरी आल्या, हेल्गा आजींकडे. आजी ऐंशीच्या, एकट्या, मराठीचं सोडा, इंग्रजीही जेमतेम. घरात पाऊल टाकताच त्यांनी तृप्तीचे गाल दोन्ही हातांत धरले आणि काहीतरी लाडाचं बोलल्या. संध्याशी त्यांनी हात मिळवला. इथूनच बिनसलं.

पहिल्या संध्याकाळी गावच्या चौकात सगळ्या मंडळांचा उघड्यावर सराव झाला. वारं बोचरं. तोंडातून वाफ निघते हे बघून तृप्ती खिदळत होती, मुद्दाम आ करून हवेत वाफा सोडत होती, आणि तिथेच तिने तीन वेळा पूर्ण भजन गायलं. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याने गोठलेल्या बोटांनी पेटी बंद केली. पेटी वाजवणाऱ्या बाईकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून, तृप्ती बोलेनाशी झाली.

"झोप लागली का गं?" संध्याने विचारलं. तृप्तीने नुसती मान हलवली आणि हसली.

"कोणती साडी नेसणार?" तृप्तीने बोटाने निळी दाखवली.

अस्सं, संध्या मनात म्हणाली. काल चार गोऱ्यांनी टाळ्या काय वाजवल्या, आज आमच्याशी बोलायलाही तोंड दुखायला लागलं! नाश्त्याला आजींनी तृप्तीच्या पुढ्यात गरम दूध ठेवलं, त्यात चमचाभर मध घातला. संध्याच्या पुढ्यात साधा चहा. मग आजी आतल्या खोलीत गेल्या आणि एक लोकरीचा स्कार्फ घेऊन आल्या, मातकट लाल, हाताने विणलेला, कडेला पांढरी नक्षी. तो त्यांनी स्वतःच्या हातांनी तृप्तीच्या गळ्याभोवती दोनदा गुंडाळला, नीट खोचला, थोपटला. संध्या टेबलापाशी पाव चावत हे सगळं बघत होती. शिलाई शिकवणारी बाई ती. तो स्कार्फ किती जीव लावून विणलाय हे तिला एका नजरेत कळलं, आणि तिने हातातला पावाचा तुकडा ताटलीत परत ठेवला. आपण काय रस्त्यावरून आलोय? आपल्याला गळा नाही?

तिच्या पर्समध्ये ज्येष्ठमधाच्या काड्या होत्या. गाणाऱ्यांसाठी ती नेहमी बरोबर ठेवायची; इथेही सगळ्या पोरापोरींना तिने एकेक दिली होती. फक्त तृप्तीला दिली नाही. महाराणींना दूध-मध आहे की, म्हणाली स्वतःशी.

दुपारपर्यंत तृप्तीने चकार शब्द काढला नाही. बसमध्ये पोरं चेष्टामस्करी करत होती, ही स्कार्फात हनुवटी खुपसून खिडकीबाहेर बघत बसलेली. योगेश सरांनी "तयार ना?" विचारलं तर अंगठा दाखवला. प्रत्येक खुणेसरशी संध्याच्या अंगाचा तिळपापड होत गेला. चर्चमध्ये पोचेपर्यंत तिच्या डोक्यात दुसरं काही उरलंच नव्हतं.

चर्च तिने मनात रंगवलं होतं त्याहून मोठं होतं. दगडी खांब, उंच छत, आणि साधी टाचणी पडली तरी घुमेल अशी शांतता. आवाजासाठी याहून चांगली जागा देवाने बनवली नसेल. त्यांची पाळी आली. मुलंमुली ओळीने उभी राहिली. तृप्तीने स्कार्फ काढून खुर्चीवर ठेवला आणि पुढे जाऊन उभी राहिली. निळ्या साडीत ती सुंदर दिसत होती, हे बघून संध्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

संध्याची पेटी पट्टी बदलायच्या सोयीची होती. बाजूची खुंटी सरकवली की सगळी पट्टीच खाली किंवा वर सरकते. बोटं नेहमीच्या जागीच पडतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. संध्याचा डावा हात त्या खुंटीवर गेला. विचार असा तिने केला नाही. विचार गेले तीन महिने होऊन गेला होता. तिने खुंटी तीन घरं खाली ओढली. काळी एकवरून काळी पाचवर. स्वतःच्या पट्टीवर.

तिचा हिशेब सरळ होता. पहिली ओळ खर्जाकडे उतरते. एवढ्या खाली तृप्तीचा उंच आवाज पोचणार नाही, अडखळेल, बुडेल. आणि गाणारा अडखळला की पेटीवरच्या माणसाने ओळ उचलायची, हीसुद्धा आपल्याकडची रीतच. मग या दगडी खांबांमधून आवाज उठेल तो संध्या अमोलिकचा.

तिने सूर धरला.

तो सूर कानी पडताच तृप्ती चमकली. तिने वळून संध्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. घाबरली, संध्याच्या मनात आलं, आणि तिला आनंद झाला. तिने ओळ उचलायला श्वास भरून घेतला.

पण तृप्तीने सुरुवात केली. आणि जो आवाज निघाला तो तृप्तीचा नेहमीचा नव्हताच. खरखरीत, जड, थोडा फाटलेला आवाज, दुखऱ्या घशातून येणारा, पण खालच्या सुरावर घट्ट पाय रोवून उभा राहिलेला. खर्जाकडे तो सहज उतरला. सबंध चर्च पुढे झुकून ऐकू लागलं. संध्याचा भरलेला श्वास तसाच छातीत राहिला. मंडळाने ओळ उचलली तेव्हा मागे उभ्या असलेल्या पोरांचे खालचे सूर तळघरात गेल्यासारखे गुरगुरत होते, योगेश सरांच्या भुवया कपाळावर चढल्या होत्या. अंतऱ्यात ओळ वर चढली. तिथे तृप्तीच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, आवाज तुटता तुटता राहिला, आणि कसाबसा सुरावर जाऊन टेकला. आणखी अर्धं घर जरी वर असतं तरी तुटला असता, हे पेटीवर बसलेल्या बाईइतकं त्या चर्चमध्ये दुसऱ्या कुणालाच कळलं नाही.

आणि मग सगळंच कळलं. दूध, मध, स्कार्फ, न बोलणं. एक जर्मन म्हातारी, भाषा येत नसताना, सकाळी उठून नुसतं बघून जे ओळखते, ते आपल्याला एका खोलीत राहून कळलं नाही. कसं कळणार? आपण तिच्या गळ्याकडे बघतच नव्हतो, गळ्यातल्या स्कार्फाकडे बघत होतो.

भजन संपलं तेव्हा लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

बाहेर आल्या आल्या योगेश सरांनी संध्याला गाठलं. "ताई, पट्टी खाली कशी गेली? काळी एक ठरली होती ना?"

संध्याने तोंड उघडलं, पण तृप्ती मध्ये पडली. आवाज अगदी बसलेला. "सर, माझ्यासाठी उतरवली ताईंनी. कालपासून माझा घसा बसला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ओळ काढून घेतली असती, म्हणून बोलले नाय. ताई एका खोलीत होत्या, त्यांनी वळखलं. मला इचारलंसुद्धा नाय, गुपचूप केलं." आणि तिने सगळ्यांदेखत वाकून संध्याच्या पायाला हात लावला.

"अगं, उठ," संध्या म्हणाली. यापुढे काय बोलावं ते तिला सुचेना, आणि न बोलल्यामुळे ती योगेश सरांना फारच थोर वाटली.

संध्याकाळी पर्समधली ज्येष्ठमधाची काडी तिने तृप्तीला दिली. तीही तृप्तीने डोळ्याला लावून तोंडात टाकली. संध्याला वाटलं, हिने एखादी शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

नाशिकला परत आल्यावर पहिल्याच रविवारी उपकारस्तुतीची भक्ती, म्हणजे देवाचे आभार मानायची उपासना, होती. प्रवासाहून सुखरूप आलेल्याने मंडळीपुढे उभं राहून आपल्या अनुभवाची साक्ष द्यायची असते. मे महिना, पत्रा तापलेला, पंखे नुसतीच गरम हवा फिरवत होते. पोरापोरींनी विमानाच्या, थंडीच्या, बटाट्यांच्या गोष्टी सांगितल्या. शेवटी तृप्ती उठली. आजींचा स्कार्फ तिने सगळ्यांना दाखवायला आणला होता. एवढ्या उकाड्यात तो गळ्यात घालूनच उभी होती.

"मला चार शब्द बोलता येत नाय," ती म्हणाली, "पण एक सांगते. परक्या देशात माझा आवाज गेला होता. मी कुनालाच बोलले नव्हते. पन संध्याताई माझ्याकडं लक्ष ठेवून होत्या. पहिली ओळ खरी त्यांची. इतक्या वर्षांची. दुसरी बाई असती तर म्हनली असती, पड तोंडावर. त्यांनी माझी लाज राखली. असं मन देवानं मला द्यावं, एवढी प्रार्थना करा."

चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मनीषाने तर डोळे पुसले. बायकांच्या बाजूला बसलेल्या संध्याने पुरुषांकडे नजर टाकली. तिथे दयानंद तिच्याकडे अशा कौतुकाने बघत होता, जसा लग्नानंतर कधी बघितल्याचं तिला आठवत नव्हतं. चर्चचे पाळकसाहेब उठून म्हणाले, "संध्याबाई, या, पेटीवर बसा. आज पहिली ओळ आपल्या रीतीप्रमाणे तुमचीच."

संध्या जाऊन बसली. हवं होतं ते सगळं समोर होतं. माणसं, शांतता, ओळ. खुंटी अजून तिच्याच पट्टीवर होती. जर्मनीत ओढली तिथेच. सूर धरायचा आणि म्हणायचं, एवढंच. पण तृप्तीने जिच्याबद्दल सांगितलं ती संध्याताई तिच्या डोळ्यांपुढून हलेना. न विचारता दुसऱ्याचा घसा ओळखणारी, स्वतःची ओळ देऊन वर पट्टीही उतरवणारी. आयुष्यभर संध्याने पुष्कळ जणींचा हेवा केला होता. चांदणीचा, करंज्यांचा, आवाजाचा. या बाईचा वाटला तेवढा कुणाचाच वाटला नव्हता. आणि ही बाई तिच्याच नावाने वावरत होती, तिच्याच नवऱ्याची नजर घेऊन गेली होती.

तिने खुंटी तीन घरं वर सरकवली. काळी एक.

"तृप्ती, ये. तू म्हण."

"ताई, आज तुमची ओळ हाय."

"माझा घसा बसलाय," संध्या म्हणाली.

हे धडधडीत खोटं होतं. पण तृप्तीच्या चेहऱ्यावर लगेच काळजी उमटली. ती दोन ढांगांत पेटीपाशी आली, गळ्यातला स्कार्फ सोडवला आणि आजींनी गुंडाळला होता तसाच, दोनदा, नीट खोचून, संध्याच्या गळ्याभोवती गुंडाळला. वरून थोपटलाही.

"बोलू नका ताई," ती हळूच म्हणाली. "नुसती पेटी वाजवा."

मग ती पुढे गेली आणि तिने आपल्या पट्टीत ओळ उचलली. आवाज पूर्ण भरला होता, स्वच्छ, उंच. संध्याने खोट शोधली, सवयीने शोधली, आणि सापडली नाही. लोकर मानेला टोचत होती. घाम पाठीवरून ओघळत होता, कपाळावरून डोळ्यांत जात होता, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. भजनाला पाच कडवी होती. पाचही कडवी संपेपर्यंत तिने तो स्कार्फ काढला नाही.